अठ्ठावन्न किलो

प्रिय ताई,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी कसा आहे ते तुला माहीत आहे. हो हो म्हणतो, बघतो म्हणतो आणि ठेवतो. म्हणून कागद घेतला. आज माझी एकही केस नाही. ड्यूटीरूममध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी बसलोय, बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणीतरी ट्रॉलीच्या चाकांना तेल घालतंय आणि ती अजून करकरतेच आहे. अक्षर डॉक्टरचं आहे, तेवढं सांभाळून घे. हे पत्र आईच्या ऑपरेशनच्या दिवसाबद्दल आहे. तू त्या सकाळी तिचे केस धुतलेस, ते नीट वाळले नाहीत, ओल्या वेणीनं ती आत गेली, आत तिचं अंग गार पडलं आणि त्यातच ती गेली, असं तू धरून बसली आहेस. ते तसं नाही. कसं आहे, हे सांगायला मला तेरा महिने लागले.

मी बरा आहे. जेवतो, झोपतो, वजनसुद्धा दोन किलो वाढलंय. आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही हे तू पाहिलंस, आणि लोकांना सांगितलंस की हा आतल्या आत सोसतो. तसं काही नव्हतं गं. आत काहीच नव्हतं. अजून नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं चाललंय. रोज भूल देणाऱ्या माणसानं असं म्हणावं म्हणजे विनोदच आहे, पण दुसरी उपमा सुचत नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. तू विचारायचीस आणि मी म्हणायचो, लोकांना झोपवतो आणि उठवतो. त्यातला एक भाग असा की भूल दिली की माणूस गार पडतो. अंगातली ऊब एरवी आत, काळजाजवळ राखलेली असते. हातपाय गार पडले तरी शरीर आतली सोडत नाही. भुलीच्या औषधानं रक्तवाहिन्या सैल होतात आणि ती ऊब हातापायांत पसरून निघून जाते. पहिल्या तासातच अंश-दीड अंश जातो. त्यात आमचं थिएटर गार, पोट उघडं, वरून सलाईन. छत्तीसच्या खाली गेलं की त्रास सुरू. रक्त थांबायला वेळ लागतो, जखम चिघळते, आणि उठताना माणूस इतका कुडकुडतो की म्हाताऱ्या हृदयाला ते झेपत नाही. सगळ्यांचं असं होत नाही. कोणाचं होईल हे आधी ओळखता आलं तर अर्धा तास आधीपासून ऊब देता येते, आणि मग ते बहुतेक टळतं.

तर हे आधी ओळखायचा तक्ता मी बनवला होता. दोन वर्षं जुन्या फायली उपसल्या, अकराशे रुग्णांच्या. वय किती, वजन किती, आत येताना अंग किती गरम, ऑपरेशन किती तास चालणार, सलाईन किती लागणार. प्रत्येकाला गुण. बेरीज बारा किंवा वर गेली तर तो गार पडणार असं धरायचं. ऑपरेशनला किती वेळ लागेल हे सर्जनला विचारावं लागतं, आणि आमचे सर्जन कशालाही तासभर म्हणतात. अंगठ्याचं नख काढायचं असो नाही तर आतडं, तासभर. मी त्यांचा तास म्हणजे अडीच तास धरायचो आणि ते बरोबर यायचं. लंबू, म्हणजे आमचा जुना टेक्निशियन, या तक्त्याला कुंडली म्हणायचा. सर, पाच नंबरच्या आजोबांची कुंडली मांडली का, असं भर वॉर्डात विचारायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. दहा माणसं गार पडायची असली तर माझा तक्ता त्यातली आठ-नऊ आधीच सांगायचा. लहानपणी तुम्ही मला मास्तर म्हणायचात ना, सगळ्यांच्या बेरजा तपासतो म्हणून. तो मास्तर इथं पगारी झाला होता.

ऊब द्यायचं यंत्र म्हणजे गरम हवा फुंकणारी पेटी आणि तिला नळीनं जोडलेलं कागदी पांघरूण. तिला सगळे फुंकणी म्हणतात. आमच्याकडे दोन होत्या, एक बंद पडून दुरुस्तीला गेलेली. म्हणजे थिएटरं दोन आणि फुंकणी एक. म्हणून नियम केला होता की तक्त्यात ज्याचे बारा किंवा वर, फुंकणी त्याच्याकडे. एकाच वेळी दोघांचे वर गेले तर एक केस दुपारवर ढकलायची. नियमही माझाच.

आईच्या आतड्यातली गाठ निघाली तेव्हा तिला इथं आणायचा हट्ट माझा होता. तू म्हणत होतीस, तिकडच्याच हॉस्पिटलात करू, घराजवळ आहे, मला बघता येईल. मी म्हटलं, माझ्या हाताखालचे लोक आहेत, लाडानं करतील. तसं त्यांनी केलंही. कोणालाही वॉर्डात आल्यावर आधी काट्यावर उभं करतात, चपला काढून. मंत्र्याला सोडायचे नाहीत. आई आली तेव्हा नर्सनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि काट्यापर्यंत चालवायचं कशाला म्हणून मलाच विचारलं, सर, आईंचं वजन किती? मी दुसऱ्याच्या फाईलवर सही करत होतो. मान वर न करता म्हणालो, अठ्ठावन्न.

हा अठ्ठावन्न कुठून आला, ते मी नंतर खूप शोधलं. मी कॉलेजात असताना आई म्हणायची, मी अठ्ठावन्नची आहे, तुझ्या मावशीसारखी सत्तरची नाही. तोच आकडा. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा. माझ्या डोक्यात आई तेवढीच राहिली होती. तू मला फोन करून सांगितलं होतंस, की तिचे ब्लाउज मी दोनदा शिवून आटवले, आता आणखी आटवायला जागा उरली नाही. शिवणकामावर घर चालवणारी बाई तू, उगाच सांगणार नाहीस. पण मला वाटलं, ताईला काळजी करायची सवयच आहे. व्हिडिओवर आई मला फक्त गळ्यापासून वर दिसायची, आणि तिचा चेहरा मुळात गोल.

आपल्या माणसाला भूल आपण द्यायची नाही अशी पद्धत आहे. हात कापतो म्हणतात. म्हणून आईला आमच्या विभागप्रमुख बाई देणार होत्या, आणि मी रिकामा बसून जीव खाईन म्हणून बाईंनी मला शेजारच्या थिएटरची केस दिली. एक निवृत्त पोस्टमन, वाळलेली खारीक, त्याचे तेरा गुण. आईचा तक्ता मीच भरला. तो तरी दुसऱ्याला भरू द्यायचा, पण आईचा तक्ता दुसऱ्यानं भरावा हे मला बरं वाटेना. वय एकाहत्तर, वजन अठ्ठावन्न, वेळ अडीच तास. बेरीज नऊ. फुंकणी पोस्टमनकडे गेली.

तू तिचे केस धुतलेस कारण तिलाच ते धुवून हवे होते. इतक्या लोकांसमोर जायचं तर तेलकट डोक्यानं नको, असं ती म्हणाली, हे मी ऐकलं होतं. ट्रॉलीवर चढवल्यावर तिनं मला विचारलं, तू आत असशील ना रे? मी म्हटलं, शेजारच्याच खोलीत आहे. बरं मग, म्हणाली, आणि लंबूला म्हणाली, तुमचे पाय बाहेर येत असतील पलंगावर. एवढंच. माझ्याशी काही शेवटचं वगैरे बोलली नाही. शेवटचं बोलली ती लंबूशी, त्याच्या पायांबद्दल.

भूल द्यायच्या आधी बाई दारात येऊन म्हणाल्या, आई बारीक दिसतात रे, अठ्ठावन्न नक्की? मी म्हणालो, हाड मजबूत आहे बाई, वजन भरतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बाईंनी डोळ्यांनी बघून औषध बेतानंच दिलं, त्यात चूक झाली नाही. पण फुंकणी माझ्या आकड्यावर गेलेली होती आणि तक्ता माझा, तेव्हा माझ्याशी वाद कोण घालणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा सोयीचा असतो, तिथं कोणी बघत नाही.

आता जे लिहितो ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ऑपरेशन सुरू होऊन पन्नासेक मिनिटं झाली आणि लंबू माझ्या थिएटरमध्ये आला. म्हणाला, सर, आईंचं पस्तीस पॉइंट तीन झालंय, बाई विचारतायत फुंकणी सोडता का. पोस्टमन मस्त होता, छत्तीस पॉइंट सात. त्याचं पांघरूण काढून नुसत्या चादरी घातल्या असत्या तरी त्याला काही झालं नसतं. मी हो म्हटलं की झालं. मी भिंतीवर चिकटवलेला कागद बघितला. आईच्या नावापुढे नऊ. मी लंबूला म्हणालो, नऊवाले इतके खाली जात नाहीत, तपमानाची वायर सरकली असेल, नीट लावून बघा, आणि सलाईन कोमट करा. तीस वर्षं या कामात आहे तो, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मी सर. तो गेला.

आकडा समोर होता ताई. शेजारच्या मॉनिटरवरून लंबूनं वाचून आणलेला, खरा, आत्ताचा आकडा. आणि मी माझ्या भाकितावर विश्वास ठेवला, कारण ते मी केलं होतं. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा न विचारता त्यानं फुंकणीची वायरच काढली आणि ढकलत घेऊन गेला. त्याला अर्धा-पाऊण तास उशीर झाला होता. तेव्हा आई चौतीस पॉइंट दोनवर होती.

पुढचं तू काचेतून पाहिलंस. ती शुद्धीवर येत होती आणि कुडकुडत होती, पलंगाचा कठडा वाजत होता. तू माझी बाही धरलीस आणि विचारलंस, एवढी का थरथरते रे ती? मी म्हणालो, केस ओले होते ना तिचे. आठवतं तुला? मी म्हणालो ते. तू नाही, मावशी नाही. मावशीनं नंतर ते घरोघर नेलं, पण पहिल्यांदा ते माझ्या तोंडून निघालं. मी ठरवून खोटं बोललो नाही, काहीतरी म्हणायचं होतं आणि ते तोंडात आलं. तुझा हात माझ्या बाहीवरून सुटला तेवढं मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या हृदयानं दगा दिला. आयसीयूच्या पलंगालाच काटा असतो, औषध मोजायला लागतो म्हणून. त्या धावपळीत तिथल्या डॉक्टर मुलीनं वाचलं, त्रेचाळीस. मी म्हटलं, पलंग बिघडलाय. तिनं पुन्हा केलं. त्रेचाळीस. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून तक्ता पुन्हा मांडला, मनातल्या मनात. अठ्ठावन्नला शून्य गुण, पंचेचाळीसच्या खालच्या वजनाला पाच. नऊ अधिक पाच. चौदा. पोस्टमनपेक्षा एक जास्त. नियमाप्रमाणे पोस्टमन दुपारी गेला असता आणि आईला सकाळपासून ऊब मिळाली असती. तुला खरं सांगतो, त्या क्षणी मला पहिलं काय वाटलं असेल तर तक्ता बरोबर होता याचं बरं वाटलं. एक क्षणभर. मग ते गेलं, आणि त्याच्यानंतर काही आलंच नाही.

गारव्यानंच ती गेली असं छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही. एकाहत्तर वय, गाठ, पोटाचं मोठं ऑपरेशन, फुंकणी असूनही माणसं जातात. मला हे सगळं पाठ आहे आणि तेरा महिने मी तेच स्वतःला सांगतोय. पण जे टाळता येण्यासारखं होतं ते माझ्या हातात होतं, आणि ते तीनदा माझ्यासमोर आलं. नर्सनं विचारलं, बाईंनी विचारलं, लंबूनं विचारलं. तिन्ही वेळा मी उत्तर दिलं.

केसांचं म्हणशील तर ते माझ्या तक्त्यात नाहीतच. अकराशे फायली बघितल्या, कोणाचे केस ओले होते हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, कारण त्यानं काही होत नाही. वर टोपी असते. एक ओली वेणी म्हणजे चौतीसपर्यंत नेणारी गोष्ट नव्हे. हे मला तिथं, काचेपाशीसुद्धा, माहीत होतं. घरी लोक भेटायला येत होते तेव्हा मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, ओल्या केसांनी नेलंन हो हिनं आईला. तू मान खाली घालून कप गोळा करत होतीस. मी तिथंच खुर्चीत बसलो होतो, मूग गिळून. एक वाक्य पुरलं असतं. लंबू त्या दिवशी आला होता, त्यानं माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून त्यानं कुंडली हा शब्द काढलेला नाही.

हॉस्पिटलात मी अजून सांगितलेलं नाही. फाईलमध्ये अजून अठ्ठावन्नच आहे. उद्या बाईंकडे जाऊन सांगणार आहे, लेखी. काय व्हायचं ते होईल. बहुतेक काही होणार नाही, वजन काट्यावरच घ्या म्हणून एक नोटीस लागेल. पण तुझ्याआधी त्यांना कळू नये असं वाटलं. मला याची लाज वाटते, ताई. एवढी एक गोष्ट मला वाटते, बाकी कशाचं काही वाटत नाही.

इतके महिने नाही लिहिलं ते आज का, तेही सांगतो. रविवारी भावोजींचा फोन आला होता. गाडीच्या विम्याचं काहीतरी विचारत होते. तुला माहीत आहे, ते कामापुरतं बोलतात. ठेवता ठेवता म्हणाले, मास्तर, एक विचारू का, तुमच्या ताईला काही सांगता येईल का तुम्हाला. तेरा महिने झाले, ती गार पाण्यानं आंघोळ करते. भर थंडीत, दात वाजेपर्यंत. रात्री पांघरूण घेत नाही, मी घातलं तर काढून ठेवते. खोकला हटत नाही. विचारलं तर म्हणते, मला चालतं. मी हो हो, बघतो म्हणालो आणि ठेवला. तू कोणासाठी गारठत बसतेस ते मला कळलं. ते तुझ्या वाट्याचं नाही गं. तू तिला शेवटचं न्हाऊ घातलंस, तिला हवं होतं म्हणून. तिच्या अंगाला त्या दिवशी जी काही ऊब लागली ती तुझ्याच हातांची होती. मला क्षमा करू नकोस, घाई नाही. माझ्याशी बोलू नकोस वाटलं तर बोलू नकोस. फक्त हे पत्र वाचून झालं की ऊठ, पाणी तापवायला ठेव, आणि चांगल्या कढत पाण्यानं आंघोळ कर.

तुझाच,
मास्तर